श्रीलंकेतले मोडलेले करार

१९५६ म्हटले की आपल्याला नागपूर आठवते. १४ ऑक्टोबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि जातीने माणूसपण नाकारलेल्या समाजाने समतेचा दावा धर्माच्या भाषेत मांडला. बुद्धाच्या महापरिनिर्वाणाला अडीच हजार वर्षे पूर्ण झाल्याचा उत्सव त्या वर्षी आशियाभर सुरू होता. त्याच उत्सवाच्या भरात, दीक्षेच्या चार महिने आधी, श्रीलंकेच्या (तेव्हाच्या सिलोनच्या) संसदेने सिंहली ही देशाची एकमेव राजभाषा ठरवणारा कायदा मंजूर केला. बौद्ध धर्म आणि सिंहली वंश यांना त्यांचे हिरावलेले स्थान परत मिळवून देऊ, या आश्वासनावर निवडून आलेल्या सरकारने तो आणला होता. संसदेबाहेर, कोलंबोच्या समुद्रकिनाऱ्यावरील गॉल फेस मैदानात, तमिळ पुढारी सत्याग्रहाला बसले होते. त्यांना जमावाने बडवून काढले. या दोन घटना आपल्याकडे फारशा शेजारी ठेवल्या जात नाहीत. मला मात्र धर्माधिष्ठित राष्ट्रवाद आणि लोकशाही यांच्या नात्याविषयी विचार करताना श्रीलंकेइतके उपयोगी दुसरे उदाहरण सापडलेले नाही.

या विषयावरची चर्चा बहुधा एका गृहीतकावर चालते: एका बाजूला लोकशाही, दुसऱ्या बाजूला धर्मांध शक्ती, आणि दुसरी जिंकली की निवडणुका बंद. श्रीलंकेत तसे काहीच झाले नाही. १९३१ साली, ब्रिटिशांचेच राज्य असताना, तेथे स्त्री-पुरुष सर्व प्रौढांना मताधिकार मिळाला. खुद्द ब्रिटनमध्ये स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मताधिकार मिळून तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती. १९५६ ते १९७७ या काळातील प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीत सत्ताधारी पक्ष हरला आणि मुकाट्याने पायउतार झाला. साक्षरता, आरोग्य, मतदानाचे प्रमाण, कुठल्याही मोजपट्टीवर हा देश शेजाऱ्यांच्या पुढेच होता. तरीही याच देशात पंचवीस वर्षांहून अधिक काळ यादवी युद्ध चालले. माझे म्हणणे असे आहे की सिंहली-बौद्ध राष्ट्रवाद निवडणुकांना न जुमानता वाढला नाही. निवडणुकांनीच त्याला खतपाणी घातले. त्याने मतपेटीला हात लावला नाही. त्याने संपवली ती अल्पसंख्याकांशी करार करण्याची आणि दिलेला शब्द पाळण्याची राज्यकर्त्यांची ताकद.

आधी हे मान्य केले पाहिजे की सिंहली बौद्धांची तक्रार खोटी नव्हती. साम्राज्याच्या काळात शाळा मिशनऱ्यांच्या हातात होत्या, सरकारी कामकाज इंग्रजीत चाले आणि ती भाषा लोकसंख्येतील अगदी थोड्यांना येत होती. वरच्या जागांवर ख्रिस्ती सिंहली कुटुंबे होती, आणि उत्तरेकडच्या तमिळबहुल जाफन्यातील चांगल्या मिशन शाळांमुळे तमिळ कारकून व अधिकारीही त्यांच्या संख्येच्या मानाने पुष्कळ होते. ज्या धर्माचे साठ टक्क्यांहून अधिक लोक होते, त्या धर्माच्या माणसाला स्वतःच्या देशात परक्यासारखे वाटत असे. या अपमानाला अनागारिक धर्मपालांनी वाचा फोडली. बोधगयेच्या मुक्तीसाठी त्यांनी १८९१ मध्ये महाबोधी सोसायटी स्थापन केली, म्हणून आपल्याकडे त्यांचे नाव आदराने घेतले जाते आणि ते योग्यच आहे. पण त्याच धर्मपालांचे मुसलमान व्यापाऱ्यांविषयीचे लिखाण आज वाचवत नाही. अपमानाची जाणीव आणि परक्याचा द्वेष त्यांच्या लेखणीतून एकदमच उतरले, आणि पुढच्या पिढ्यांनी दोन्ही वारशाने घेतले.

त्यांच्या पाठीशी ‘महावंस’ होता. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या या पाली बखरीत दुट्ठगामणी राजा तमिळ राजा एळार याचा पराभव करतो आणि नंतर रणात पडलेल्यांच्या आठवणीने व्याकूळ होतो. त्याचे सांत्वन करायला आलेले अर्हत त्याला सांगतात की तुझ्या हातून खरे तर दीडच माणूस मेला: एकाने त्रिशरण घेतले होते, दुसऱ्याने पंचशीलही, बाकीचे जनावरांसमान. गेल्या शतकातील राष्ट्रवाद्यांना हा ‘दीड माणूस’ फार सोयीचा पडला. त्याच बखरीत दुट्ठगामणी एळाराचे स्मारक उभारतो आणि तेथून जाणाऱ्याने वाद्ये थांबवून मान द्यावा असे फर्मान काढतो, हा भाग मात्र सभांमधून क्वचितच ऐकू येई.

स्वातंत्र्य ४ फेब्रुवारी १९४८ रोजी मिळाले, आणि लोकशाहीचा पहिला गैरवापर त्याच वर्षी झाला. चहाच्या मळ्यांत राबणाऱ्या, ब्रिटिशांनी दक्षिण भारतातून नेलेल्या तमिळ मजुरांची संख्या सात लाखांहून अधिक होती. १९४७ च्या निवडणुकीत त्यांच्या संघटनेने सात जागा जिंकल्या होत्या आणि डाव्या उमेदवारांनाही त्यांची मते मिळत. १९४८ आणि १९४९ च्या नागरिकत्वाच्या कायद्यांनी त्यांतील बहुतेकांचे नागरिकत्व गेले, पाठोपाठ मतही गेले. कायद्यात ‘तमिळ’ हा शब्द कुठेही नव्हता. अट होती ती बापजाद्यांच्या जन्माच्या कागदोपत्री पुराव्याची, जो मळ्यातल्या लयनीत (मजुरांच्या चाळीत) जन्मलेल्या माणसाकडे असणे शक्यच नव्हते. गंमत म्हणजे मतदारसंघ आखताना लोकसंख्येत ही माणसे धरली जात राहिली. म्हणजे डोंगराळ भागात जागा त्यांच्या डोक्यांवर वाढल्या आणि त्या निवडून देण्याचा हक्क मात्र शेजारच्या सिंहली मतदाराकडे गेला. दोन्ही देशांच्या पंतप्रधानांत झालेल्या १९६४ च्या शास्त्री–सिरिमावो कराराने यांपैकी सव्वापाच लाख माणसे भारताने आणि तीन लाख श्रीलंकेने घ्यायची असे ठरले. वाटाघाटीच्या टेबलावर त्या माणसांपैकी कोणी नव्हते.

आता सॉलोमन बंडारनायके यांच्याकडे येऊ, कारण या गोष्टीचे सारे पीळ त्यांच्यात एकवटलेले आहेत. अँग्लिकन ख्रिस्ती, इंग्रजांशी घसट असलेल्या घराण्यात ते जन्मले, ऑक्सफर्डला शिकले आणि परतल्यावर बौद्ध झाले. सिंहली लिहिण्यावाचण्यात ते कच्चे होते. १९५१ मध्ये सत्ताधारी युनायटेड नॅशनल पार्टी सोडून त्यांनी श्रीलंका फ्रीडम पार्टी काढली. मला ते व्यक्तिशः द्वेष्टे वाटत नाहीत, आणि तेच जास्त चिंताजनक आहे. बहुमताकडे जाणारी वाट कोणत्या दिशेने आहे हे त्यांनी ओळखले, एवढेच. १९५६ च्या प्रचारात त्यांचे आश्वासन होते ‘चोवीस तासांत सिंहली’. त्यांच्यासाठी भिक्खूंची एक संघटित फळी गावोगाव फिरत होती आणि तिचे सूत्रधार होते केलनिय विहाराचे प्रमुख बुद्धरक्खित. सत्ताधारी पक्षाचे पंतप्रधान सर जॉन कोटेलावाला यांनी १९५४ मध्ये जाफन्यात जाऊन दोन्ही भाषांना समान दर्जा देण्याची भाषा केली होती; पण वारे फिरल्याचे पाहून फेब्रुवारी १९५६ मध्ये त्यांच्याही पक्षाने ‘फक्त सिंहली’चा ठराव केला. दोन मोठे पक्ष, मतदार तेच, आणि विकायला माल एकच: येथून लिलाव सुरू झाला. निकाल लागला तेव्हा बंडारनायकेंच्या आघाडीला ९५ पैकी ५१ जागा होत्या आणि कोटेलावालांच्या पक्षाला ८.

सत्तेवर आल्यावर बंडारनायकेंना तडजोड करायची होती. तमिळांच्या फेडरल पार्टीचे नेते चेल्वनायकम यांच्याशी त्यांनी जुलै १९५७ मध्ये करार केला. उत्तर आणि पूर्व भागांत प्रादेशिक परिषदा, तेथील कारभारात तमिळचा वापर, आणि सरकारी वसाहतींच्या नावाखाली तेथे बाहेरची माणसे नेऊन बसवण्यावर काही मर्यादा, एवढेच त्यात होते. स्वतंत्र राज्याचे नावही नव्हते. (चेल्वनायकम स्वतः ख्रिस्ती होते आणि बहुसंख्य हिंदू असलेल्या समाजाने त्यांना दोन दशके आपला नेता मानले, हेही सांगून ठेवले पाहिजे.) ऑक्टोबरमध्ये विरोधी पक्षाचे जे. आर. जयवर्धने या कराराविरुद्ध कोलंबोहून कँडीच्या दंतधातू मंदिराकडे (जेथे बुद्धाचा दात जपला आहे) पदयात्रेने निघाले. इंबुलगोडा येथे बंडारनायकेंच्याच एका खासदाराने माणसे घेऊन रस्ता अडवला, तेव्हा कुठे ती यात्रा थांबली.

१९५८ च्या सुरुवातीला सरकारने नव्या बसगाड्या जाफन्याकडे पाठवल्या. त्यांच्या नंबरप्लेटवर ‘श्री’ हे अक्षर सिंहली लिपीत होते. तमिळ कार्यकर्त्यांनी त्यावर डांबर फासले. उत्तरादाखल दक्षिणेत भिक्खू आणि त्यांचे अनुयायी डांबराच्या बादल्या आणि ब्रश घेऊन निघाले आणि दुकानांवरच्या तमिळ पाट्या काळ्या करत सुटले. पोलीस बघत उभे राहिले. ९ एप्रिलला भिक्खूंचा मोठा जमाव कोलंबोतील रोझमीड प्लेस येथील पंतप्रधानांच्या निवासस्थानी आला आणि करार रद्द केल्याखेरीज हलणार नाही म्हणून हिरवळीवर ठाण मांडून बसला. बंडारनायकेंनी त्याच दिवशी करार रद्द केला. तोंडी शब्दावर त्या मंडळींचा विश्वास नव्हता, म्हणून तसे लेखी लिहून घेतले गेले. निवडून आलेला, संसदेत स्पष्ट बहुमत असलेला पंतप्रधान आपल्याच घराच्या अंगणात बसलेल्या माणसांना लेखी कबुली देतो, हे दृश्य मला मे महिन्यात उसळलेल्या दंगलींइतकेच महत्त्वाचे वाटते. त्या भिक्खूंकडे शस्त्र नव्हते, घटनात्मक अधिकार नव्हता. त्यांच्याकडे होता तो दोन वर्षांपूर्वीचा प्रचार, आणि तो त्यांनी वसूल केला.

पुढच्या वर्षी २५ सप्टेंबरला त्याच घराच्या व्हरांड्यात सोमाराम नावाच्या भिक्खूने बंडारनायकेंवर गोळ्या झाडल्या. दुसऱ्या दिवशी ते गेले. कटाचे सूत्रधार म्हणून बुद्धरक्खित दोषी ठरले, म्हणजे १९५६ चा विजय ज्यांनी घडवून आणला तेच. त्यामागे धार्मिक तात्त्विक मतभेद होते असे म्हणणे फार झाले. फिसकटलेले व्यवहार आणि न मिळालेली कंत्राटे हाही त्या प्रकरणाचा मोठा भाग होता. धर्मसत्ता राजकारणात उतरली की राजकारण पवित्र होत नाही, धर्मसत्तेला कंत्राटे दिसू लागतात, एवढे तरी त्यावरून म्हणता येते.

या चढाओढीचा पुढचा इतिहास इतका ठरीव आहे की वाचताना कंटाळा यावा. १९६५ मध्ये युनायटेड नॅशनल पार्टीचे डड्ली सेनानायके यांनी चेल्वनायकमांशी जवळजवळ तोच करार केला. या वेळी विरोध करायची पाळी बंडारनायकेंच्या पक्षाची होती, आणि तो करारही बारगळला. १९८७ मध्ये राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी, होय, कँडीला पायी निघालेल्या त्याच जयवर्धने यांनी, राजीव गांधींबरोबर करारावर सही केली आणि प्रांतिक परिषदा मान्य केल्या. बंडारनायकेंच्या पक्षाने कडाडून विरोध केला. २००० मध्ये बंडारनायकेंची कन्या चंद्रिका कुमारतुंगा यांनी अधिकारांच्या विभागणीचा नवा घटना-मसुदा संसदेत आणला, तेव्हा युनायटेड नॅशनल पार्टीच्या खासदारांनी सभागृहातच त्याच्या प्रती जाळल्या. दोन्ही पक्षांना सत्तेत असताना प्रश्न कळत होता, विरोधात बसल्यावर तो सुटू न देण्यातला फायदाही कळत होता. सगळेच शहाणे होते. फक्त एकाच वेळी नव्हते.

अशा चढाओढीला आळा घालण्यासाठीच घटना असते, आणि सिलोनला मिळालेल्या घटनेत तशी तरतूद होतीही. कलम २९ नुसार एखाद्या जमातीवर किंवा धर्माच्या लोकांवर इतरांवर नसलेली बंधने लादणारा, अथवा इतरांना नसलेली सवलत देणारा कायदा संसदेला करता येत नव्हता. मळेमजुरांचे प्रकरण या कलमाखाली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयापर्यंत, गेले. कायद्यात जमातीचे नाव नाही या आधारावर १९५३ मध्ये तो वैध ठरला. मग कोडीश्वरन खटला आला. सिंहलीची परीक्षा द्यायला नकार दिला म्हणून एका तमिळ सरकारी नोकराची वार्षिक वेतनवाढ रोखली गेली. तो कोर्टात गेला, आणि १९६४ मध्ये जिल्हा न्यायालयाने राजभाषेचा कायदाच कलम २९ शी विसंगत ठरवला. सर्वोच्च न्यायालयाने मात्र सरकारी नोकराला पगारासाठी सरकारवर दावा लावता येत नाही, असे म्हणून मूळ प्रश्नाला बगल दिली. १९६९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने हा मुद्दा खोडून मूळ प्रश्न ऐकण्यासाठी खटला परत पाठवला. तो प्रश्न कधीच ऐकला गेला नाही. प्रिव्ही कौन्सिलकडे दाद मागण्याची सोय सरकारने बंद केली आणि १९७२ मध्ये नवी घटना आणली.

त्या नव्या घटनेत कलम २९ नव्हते. त्याऐवजी बौद्ध धर्माला अग्रस्थान देण्याची आणि त्याचे रक्षण व संवर्धन करणे हे राज्याचे कर्तव्य असल्याची तरतूद आली. ही घटना ज्यांच्या देखरेखीखाली तयार झाली ते मंत्री कोल्विन आर. डिसिल्वा ट्रॉट्स्कीवादी होते. १९५६ च्या चर्चेत सिंहलीच्या कायद्याला कडवा विरोध करताना त्यांनीच बजावले होते की एक भाषा ठेवाल तर दोन राष्ट्रे होतील आणि दोन भाषा ठेवाल तर एक राष्ट्र राहील. सोळा वर्षांत त्यांचे मत बदलले की हिशेब, हे ठरवणे अवघड आहे. १९७८ च्या घटनेत ती तरतूद नववा अनुच्छेद म्हणून कायम राहिली. तिला हात लावायचा तर दोन-तृतीयांश बहुमत आणि वर सार्वमत लागते. इतर धर्मांचे स्वातंत्र्य तिथे कागदावर शाबूत आहे, पण २००३ मध्ये एका कॅथलिक जोगिणींच्या संस्थेला कायदेशीर अस्तित्व देणारे विधेयक सर्वोच्च न्यायालयाने याच अनुच्छेदाचा आधार घेऊन घटनेशी विसंगत ठरवले.

हे केवळ श्रीलंकेचे वैशिष्ट्य नाही. पाकिस्तानात अहमदिया पंथाला घटनेने मुस्लिमेतर ठरवले ते ७ सप्टेंबर १९७४ रोजी, आणि ते करणारी नॅशनल असेंब्ली १९७० च्या खुल्या निवडणुकीतून आलेली होती. झिया-उल-हक यांच्या हुकूमशाहीला पुढे फक्त शिक्षेची कलमे जोडायची उरली होती. म्यानमारमध्ये २०१५ साली, अनेक दशकांनंतर झालेल्या खऱ्या निवडणुकीत, आँग सान सू ची यांच्या लोकशाहीवादी पक्षाने देशभरात एकही मुसलमान उमेदवार दिला नाही. मते जातील ही भीती होती. वाचक येथे भारताचा विचार करतील याची मला कल्पना आहे आणि त्याला माझी हरकत नाही. पण श्रीलंकेकडे फक्त आपल्यासाठी इशारा म्हणून पाहिले की श्रीलंका दिसेनाशी होते, आणि मला तिच्याविषयीच लिहायचे आहे.

विशेषतः बहुसंख्याकांना काय मिळाले हे पाहायचे आहे, कारण राष्ट्रवादाचा सगळा दावा त्यांच्या भल्याचा असतो. १९७७ मध्ये जयवर्धने यांनी १६८ पैकी १४० जागा जिंकल्या. १९८२ मध्ये त्यांनी सार्वमत घेऊन त्याच संसदेची मुदत सहा वर्षांनी वाढवली. निवडणूक झालीच नाही. तमिळ बंडखोरांसाठी १९७९ मध्ये तीन वर्षांपुरता आणलेला दहशतवादविरोधी कायदा १९८२ मध्ये कायमचा केला गेला. पोलीस अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब त्यात पुरावा म्हणून चालतो. १९८७ ते १९८९ मध्ये डाव्या-राष्ट्रवादी ‘जविपे’चा (जनता विमुक्ती पेरमुना या पक्षाचा) उठाव चिरडताना दक्षिणेतील हजारो सिंहली, बौद्ध, गरीब घरांतील तरुण नाहीसे झाले. उत्तरेत शिकलेला धडा दक्षिणेत गिरवला गेला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये याच कायद्याखाली ज्यांना धरले गेले त्यांत विद्यार्थी संघटनेचा एक भिक्खूही होता.

युद्धाविषयी मी येथे थोडक्यात लिहितो, कारण त्यावर मराठीतही पुष्कळ लिहिले गेले आहे. जाफन्याचे ग्रंथालय १९८१ मध्ये जाळले गेले; जुलै १९८३ मध्ये कोलंबोत मतदारयाद्या हातात घेऊन तमिळांची घरे हुडकली गेली. लोकशाहीच्या कागदाचा हा वापर विसरण्यासारखा नाही. दुसरीकडे तमिळ वाघांनी १९८५ मध्ये अनुराधपुरात बोधिवृक्षापाशी यात्रेकरूंवर गोळ्या चालवल्या, १९९० मध्ये उत्तरेतील मुसलमानांना काही तासांच्या मुदतीत घरांबाहेर काढले, १९९८ मध्ये दंतधातू मंदिरावर स्फोटकांनी भरलेला ट्रक नेला. चेल्वनायकमांशी केलेले करार मोडणाऱ्यांना शेवटी वाघांचा म्होरक्या प्रभाकरन भेटला.

२००९ मध्ये युद्ध संपल्यावर सिंहली-बौद्ध राष्ट्रवादाला शत्रू उरला नव्हता, म्हणून त्याने नवा शोधला. मागच्या तीन दशकांत बहुतांशी सरकारच्या बाजूने राहिलेले मुसलमान, लोकसंख्येच्या दहा टक्क्यांहून कमी, आता निशाण्यावर आले. २०१२ मध्ये गलगोडअत्ते ज्ञानसार या भिक्खूच्या पुढाकाराने ‘बोदु बल सेना’ ही कडवी बौद्ध संघटना निघाली, हलाल प्रमाणपत्राविरुद्ध मोहीम झाली, जून २०१४ मध्ये अलुथगामात दुकाने जळाली. २०१९ च्या ईस्टरला इस्लामी दहशतवाद्यांनी चर्च आणि हॉटेलांत अडीचशेहून अधिक माणसे मारली, आणि त्या भीतीवर स्वार होऊन गोटाबाया राजपक्षे ५२ टक्के मतांनी राष्ट्राध्यक्ष झाले. शपथविधीसाठी त्यांनी जागा निवडली अनुराधपुरातील रुवनवेलीसाय स्तूपाची, दुट्ठगामणीने बांधायला घेतलेल्या स्तूपाची. न्यायालयाच्या अवमानाबद्दल शिक्षा झालेले आणि आधीच्या राष्ट्राध्यक्षांनी माफी दिलेले ज्ञानसार २०२१ मध्ये ‘एक देश, एक कायदा’ या सरकारी कृतिदलाचे प्रमुख झाले.

त्या काळातील एकच गोष्ट जवळून पाहावी असे मला वाटते. २०२० मध्ये सरकारने कोविडने मेलेल्या प्रत्येकाचे दहन सक्तीचे केले. जागतिक आरोग्य संघटना दफन चालते असे सांगत होती. भूजल दूषित होईल हे कारण पुढे केले गेले आणि देशातल्याच तज्ज्ञांनी ते खोडले. डिसेंबरमध्ये वीस दिवसांच्या एका मुसलमान बाळाचे आईवडिलांच्या संमतीशिवाय कोलंबोत दहन झाले. त्यानंतर लोक बोरेल्ला स्मशानभूमीच्या फाटकाला पांढऱ्या कापडाच्या चिंध्या बांधून जाऊ लागले, कफनाच्या कापडाच्या. त्यांत सिंहलीही होते, ख्रिस्तीही होते. रात्रीतून त्या चिंध्या काढून टाकल्या गेल्या, तरी लोक पुन्हा बांधत राहिले. हा नियम फेब्रुवारी २०२१ मध्ये मागे घेतला गेला; मंत्रिमंडळाने त्याबद्दल माफी मागितली ती जुलै २०२४ मध्ये. या नियमाने कोणत्याही बौद्धाचे काडीचे भले झाले नाही. त्याचा उपयोग एवढाच होता की कोणाचे दुःख मोजायचे आणि कोणाचे नाही, हे सर्वांना कळावे.

‘पण बुद्धाचा धर्म तर करुणेचा’, हे वाक्य अशा वेळी हमखास ऐकू येते. बाबासाहेब १९५० मध्ये श्रीलंकेत बौद्ध परिषदेला गेले होते. त्याच्या काही महिने आधी, २५ नोव्हेंबर १९४९ रोजी, संविधान सभेत त्यांनी भिक्खू संघाच्या सभानियमांचा, गणपूर्तीचा, मतमोजणीचा दाखला देऊन सांगितले होते की संसदीय पद्धत भारताला परकी नाही. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून नव्हे तर बुद्धाकडून घेतली, असेही ते पुढे काही वर्षांनी म्हणाले. श्रीलंकेचा संघ मात्र तेव्हाही, आणि आजही, जातीने विभागलेला आहे: सर्वांत प्रतिष्ठेच्या सियाम निकायात (भिक्खूंच्या शाखेत) गोविगाम या वरच्या शेतकरी जातीबाहेरच्यांना दीक्षा मिळत नाही, म्हणून इतर जातींनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमरपूर निकाय वेगळा काढला. म्हणजे ग्रंथ तेच, त्रिशरण तेच, पंचशील तेच. दीक्षाभूमीवर त्यांतून ज्यांच्या हाती सत्ता नव्हती त्यांनी समता काढली, कोलंबोत ज्यांच्या हाती बहुमत होते त्यांनी अग्रस्थान काढले. म्हणून अशा राष्ट्रवादाचे कारण धर्मग्रंथांत शोधण्यात मला अर्थ वाटत नाही. बहुमताचा आकार, पक्षांची चढाओढ, आणि बहुमताला काय करता येणार नाही हे सांगणाऱ्या कलमांची अवस्था यांत ते शोधावे.

२०२२ मध्ये देशाचे दिवाळे निघाले. पेट्रोलच्या रांगा, औषधांचा तुटवडा, वीज नाही. आणि लोकांनी गॉल फेसवर, १९५६ च्या सत्याग्रहाच्या त्याच मैदानावर, तंबू ठोकले. एप्रिलमध्ये तेथे रमझानचे रोजे सर्वांनी मिळून सोडले. १८ मे रोजी, जो दिवस युद्ध संपल्यावर सरकारने विजयाचा म्हणून पाळला होता, तेथे युद्धाच्या शेवटच्या दिवसांत मुळ्ळिवायक्कालमध्ये मेलेल्या तमिळांसाठी दिवे लागले. जुलैत गोटाबाया देश सोडून पळाले. या सगळ्यावर भाळून जाऊ नये असे मला वाटते, कारण लोक रस्त्यावर आले ते मुख्यतः पोटाच्या प्रश्नावर. तरीही सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेले अनुर कुमार दिसानायके धर्माच्या नावाने मते न मागता जिंकले, आणि नोव्हेंबरच्या संसदीय निवडणुकीत त्यांच्या आघाडीला २२५ पैकी १५९ जागा मिळाल्या. जाफना जिल्ह्यातल्या सहांपैकी तीन जागाही त्यांत होत्या. दक्षिणेतल्या पक्षावर तेथील मतदाराने असा विश्वास टाकणे ही साधी गोष्ट नव्हती, विशेषतः या आघाडीचा कणा असलेल्या ‘जविपे’नेच २००६ मध्ये न्यायालयात जाऊन उत्तर आणि पूर्व प्रांतांचे एकत्रीकरण मोडून काढले होते.

तेव्हा लिलाव थांबला की केवळ बोली लावणारे दमले, हे तपासायची एक साधी कसोटी आहे. १९८७ च्या करारातून आलेल्या प्रांतिक परिषदा हा तमिळांना दिलेल्या शब्दाचा उरलेला मुख्य भाग. उत्तर प्रांताची पहिली परिषद कराराला सव्वीस वर्षे उलटल्यावर, २०१३ मध्ये निवडली गेली, आणि तिची मुदत ऑक्टोबर २०१८ मध्ये संपली. तेव्हापासून तेथे, आणि हळूहळू नऊच्या नऊ प्रांतांत, राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले राज्यपाल कारभार पाहत आहेत. मधल्या काळात राष्ट्राध्यक्षाच्या, संसदेच्या आणि स्थानिक संस्थांच्या निवडणुका झाल्या. दोन-तृतीयांशाहून अधिक बहुमत असलेल्या नव्या सरकारच्या पहिल्या वर्षातही प्रांतिक परिषदांची निवडणूक झाली नाही.